गॅरेजमधली धुण्याची खोली

पुसद
१८ जानेवारी

प्रिय आभा,

दर रविवारी फोनवर तू गॅरेजच्या कामाचं विचारतेस आणि मी "चाललंय हळूहळू" एवढं सांगून फोन आईकडे देतो. आता काम पुरं झालं. धुण्याचं मशीन खाली आलं आणि तुझी आई जिना न चढता स्वतःच्या हातानं धुणं लावते. एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण गेल्या तीन आठवड्यांत मी जे पाहिलं ते फोनवर सांगणं मला जमणार नाही, म्हणून बऱ्याच वर्षांनी कागद घेऊन बसलो आहे. अक्षर जरा समजून घे, हात आता पूर्वीसारखा चालत नाही.

दिवाळीच्या आधी आई ओल्या चादरींची बादली घेऊन गच्चीच्या जिन्यावरून पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं, तू पंधरा दिवस राहून सगळं केलंस. तू नागपूरला परतल्यावर धुणं माझ्याकडे आलं. भिजलेली चादर किती जड होते हे मला वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी कळलं. मशीन गच्चीवरच्या पत्र्याच्या मोरीत, मधे बावीस पायऱ्या. मी वर गेलो की आई वॉकर धरून जिन्याच्या तोंडाशी उभी राहायची आणि मी उतरेपर्यंत तिथून हलायची नाही. एकदा म्हणाली, "आता तुम्हीच तेवढे पडायचे राहिलात." त्याच दिवशी ठरवलं. गाडी विकल्यापासून गॅरेजमध्ये रद्दी आणि एक मोडका कूलर एवढंच होतं. त्याच्या मागच्या कोपऱ्यात सहा बाय पाचची धुण्याची खोली काढायची, मशीनला ओटा, नळ, सांडपाण्याची सोय, वाळत घालायला दोरी आणि पुढून सरकतं दार.

दोन मिस्त्री पाहून गेले आणि परत फिरकले नाहीत. मग मला उकंडा आठवला. तू शाळेत होतीस तेव्हा आपलं कंपाउंड ज्यानं बांधलं तो. निरोप दिला तर काठी टेकत आला. म्हणाला, "साहेब, मले आता ओळंबा दिसत नाई. पोरीले पाठवतो." मला वाटलं, पोरगी येऊन कुठल्या मिस्त्रीचा पत्ता देईल. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला स्कूटी थांबली. पंचवीस-सव्वीसची मुलगी, पायात जाड बूट, ओढणी कमरेला बांधलेली, खांद्यावर हत्यारांची पिशवी. "मी ममता, उकंडाची. काम कुठी हाये काका?" यवतमाळच्या आयटीआयमध्ये प्लंबिंग केलेलं, गवंडीकाम बापाच्या हाताखाली शिकलेलं. मी विचारू नये ते विचारलं, "सोबत माणूस कोण आहे?" ती पिशवी खाली ठेवत म्हणाली, "मीच हावो ना." रागावून नाही, कोणी वेळ विचारली तर सांगावी तसं.

मशीन कुठे ठेवायचं हे मी दाखवत होतो, पण तिचं लक्ष भिंतीकडे. स्वयंपाकघराच्या आणि गॅरेजच्या मधल्या भिंतीला खालून पांढरा खार धरतो, तो तिनं नखानं खरवडला, हुंगला. मग स्वयंपाकघरात जाऊन दर उन्हाळ्यात आपण लिंपून घेतो ती भेग पाहून आली. "काकू, एक स्टीलचा गिलास द्या." गॅरेजच्या जमिनीवर ती सरळ पालथी झोपली, ग्लास उपडा ठेवून त्याला कान लावला आणि मला म्हणाली, "मोटार चालू करा." मी केली. "बंद करा." केली. असं पाच-सहा वेळा. दर वेळी ती हातभर सरकायची. मला हसू येत होतं, खरं सांगतो. शेवटी तिनं विटेच्या तुकड्यानं जमिनीवर ताटाएवढं वर्तुळ काढलं आणि म्हणाली, "गच्चीवर जाणारा तुमचा पाइप इथं फुटला हाये. आजचा नाई, लय वर्सांचा."

त्या वर्तुळात तिनं पहार घातली. वरचा कोबा फुटला, खाली थोडा मुरूम, आणि मग पहार तिच्या हातातून सुटून आत गेली. नुसती गेली, काही न लागता. ममता गुडघ्यावर बसली, हात आत घातला. मनगट गेलं, कोपर गेलं, खांद्यापर्यंत हात गेला आणि तरी तिची बोटं कशाला लागेनात. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती घाबरली नाही, फक्त सावकाश झाली. हात बाहेर काढून म्हणाली, "काका, ह्या कोपऱ्याखाली माती नाई. पाण्यानं सगळा मुरूम नालीकडे वाहून नेला. तुमचा सैपाकघराचा खांब अर्धा हवेवर उभा हाये. काकूले आधी तिथून उठवा."

आभा, आई तेव्हा त्याच भिंतीला पाठ लावून भाजी निवडत होती. आपण तिथे वर्षानुवर्षं जेवलो. तीन वेगवेगळ्या मिस्त्र्यांनी ती भेग लिंपली आणि मी दर वेळी कौतुकानं म्हणालो, काय सफाई आहे हाताला! एकानंही भिंतीच्या पायाशी वाकून पाहिलं नव्हतं.

शेगडी हॉलमध्ये आली. ममतानं पाइपचं पाणी तोडलं आणि दुपारपर्यंत कुठून तरी चार लोखंडी टेकू आणून तुळईखाली लावले. मग ती बापाला घेऊन आली. म्हणाली, "मोठं काम हाये, एक डाव बाबाचा हात फिरवून घेतो." उकंडा जमिनीवर बसला, त्या भोकात हात घालून बराच वेळ चाचपत राहिला. डोळे मिटलेले. मी त्याच्या तोंडून काय येतं याची वाट पाहत होतो, कारण माझा अजून तिच्यावर पुरता विश्वास बसला नव्हता. तो म्हणाला, "पोरीनं बराबर सांगतलं साहेब. आता ती म्हणन तसं." आणि खरोखर पुढचे चार दिवस ती म्हणेल तसं तो करत होता. तिनं सांगितलं, इथं बसा, तर तिथं बसून गिट्टी घमेल्यात भरत होता. एकदा त्यानं सिमेंटच्या ओल्या मालात आणखी पाणी घालायला डबा उचलला, तर ती म्हणाली, "नोका टाकू बाबा, कमजोर होते." त्यानं डबा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काय होतं ते मी तेव्हा ओळखू शकलो नाही. मी आयुष्यभर पाटबंधारेच्या ऑफिसात इंजिनिअर लोकांमध्ये कारकुनी केली, धरणं बांधताना पाहिली, पण असं काही पाहिलं नव्हतं. ती पोकळी तिनं एकदम भरली नाही. आधी एक भाग, तो घट्ट होईपर्यंत थांबायचं, मग त्याच्या शेजारचा. मधल्या वेळात ती खांबाला कान लावून बसायची. मी विचारलं, काय ऐकतेस? म्हणाली, "काई ऐकू येऊ नये म्हणून आयकून राह्यली." पाचव्या दिवशी टेकू काढताना मी आईचा हात धरून अंगणात उभा होतो. चौथा टेकू निघाला आणि काही झालं नाही. काहीच झालं नाही! आई मोठ्यानं हसली. पडल्यापासून पहिल्यांदा.

त्यानंतर खोलीचं खरं काम सुरू झालं. मी कागदावर नकाशा काढून ठेवला होता. ममतानं तो पाहिला, घडी करून परत दिला आणि आईला खुर्चीवर बसवून गॅरेजमध्ये बोलावलं. "काकू, बसल्या बसल्या हात पुढं करा. आता वर करा. दुखते तिथं थांबा." सुतळीनं तिनं आईच्या हाताची मापं घेतली आणि सुतळीला गाठी मारल्या. त्या गाठींवरून ओट्याची उंची ठरली, नळाची ठरली, मशीनचं झाकण कुठवर यावं तेही. शेजारी सिमेंटचं बसायचं आसन, त्यावर गुळगुळीत फरशी, भिंतीला धरायला पाइप. कपड्यांची दोरी चकरीवर आहे, ओढली की खाली मांडीपर्यंत येते, कपडे घातले की वर जाते. पावसाळ्यातही वाळावेत म्हणून मागच्या भिंतीत वर जाळी. माझ्या नकाशात हे काहीच नव्हतं. मी मशीनचं माप घेतलं होतं, तिनं बाईचं घेतलं.

उतार पाहायला तिनं शेवटी सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं. गॅरेजचा मूळ उतार फाटकाकडे, तिनं तो खोलीपुरता उलटा फिरवला होता. आम्ही तिघं वाकून बघत होतो. पाणी जरा थबकलं, मग कुणी बोट धरून न्यावं तसं निघालं, ओट्याला वळसा घालून सांडपाण्याच्या जाळीत उतरलं. मागे डबकं नाही, नुसती ओल.

काम संपलं त्या दिवशी उकंडा पाहायला आला. त्याला दिसत नाही फारसं. फरशीच्या सांध्यांवरून तळहात फिरवत होता. आईनं चहा केला. ममतानं तुझ्याबद्दल विचारलं. आई कौतुकानं सांगू लागली, "आमची आभाही अशीच. नववीत असताना पाण्याची मोटार खोलून परत जोडली होती तिनं. सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता, पण प्रवेशाचं पत्रच आलं नाही. मग बी.ए. केलं, आता शाळेत मराठी शिकवते." ममता म्हणाली, "माह्यंही पत्र आलं नव्हतं ना काकू. बाबा यष्टीनं यवतमाळले गेलते अन् साहेबाच्या दारात बसून राह्यले. बाबाले वाचता येत नाई, म्हणून यादीतलं एकेक नाव साहेबाले वाचाले लावलं." उकंडा चहा पीत नुसता हसला. ओल्या मालापाशी त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला तेव्हा कळलं: पोरगी आपल्यापुढे गेल्याचा आनंद. मी कप तसाच ठेवून अंगणात निघून गेलो.

आभा, पत्र आलं होतं. दोन हजार दोनच्या जूनमध्ये, माझ्या ऑफिसच्या पत्त्यावर, कारण फॉर्मवर तोच पत्ता मी घातला होता. पोरांच्या वर्गात तू एकटीदुकटी, पुढे परांचीवर उभं राहून मजुरांशी बोलणार, कोण करून घेणार हिला, असलं काहीबाही माझ्या डोक्यात आलं आणि मी ते टेबलाच्या खणात ठेवलं. महिनाभर तू रोज विचारत होतीस. कॉलेजला लिहिलेलं कार्ड तू मला टाकायला दिलंस, तेही मी टाकलं नाही. मुदत संपली आणि मी तुला म्हणालो, पोस्टाचं काही खरं नाही. हे परवा आईला सांगितलं. ती नव्या आसनावर बसली होती, हातातली चादर तिनं खाली ठेवली. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? जिचं आहे तिला लिहा." त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही, चहा आणून ठेवते, बस. ते पत्र फाडण्याचं धाडस मला कधी झालं नाही, निवृत्तीच्या कागदांत ते घरी आलं, सोबत पाठवतो आहे. माफी मागायची माझी लायकी नाही, आणि तू कितीही दिवस बोलली नाहीस तरी मी समजेन. पण तेवीस वर्षांत कधी तुला वाटलं असेल की आपल्यातच काही कमी होतं, म्हणून आपलं नाव लागलं नाही, तर ते तेवढं मनातून काढून टाक. त्या पत्राच्या मागच्या पानावर निवडलेल्यांची यादी आहे. तुझं नाव चौथं आहे.

तुझाच,
बाबा