विळीला रजा

१४ डिसेंबर, सकाळी

स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तू: भाजीचा मोठा चाकू, सोलायचा लहान चाकू, कांद्याचा खास चाकू (सौ. त्यानं कांदा चिरत नाही, पण चाकू कांद्याचाच आहे). त्यांच्या बाभळीच्या मुठी. चिरायला कडुलिंबाच्या लाकडाचा पाट. धारेचा दगड हलू नये म्हणून चौकट. पाती मोडक्या करवतीची. शिवाय भेट दिलेले चाकू दोन: वाशीला (मुंबईकडची नव्हे, आमच्याकडची) भाची करिश्माला, ईट गावी मेहुणे रणधीर यांना. कुणाकडं शिकायला गेलो नाही. सगळं व्हिडिओ बघून आणि बोटं कापून.

संकल्प: यंदा येळवसीला (वेळ अमावस्या, शेतपूजेचा सण) भज्जीतली, म्हणजे त्या दिवशीच्या मिसळभाजीतली, प्रत्येक भाजी माझ्याच चाकूनं चिरली जाईल. शेतात चाळीस माणूस जेवायला असतं. सगळ्यांसमोर एकदा सिद्ध झालं की घरातली विळी कायमची रजेवर. सौ.ला सांगितलं. ती बरं म्हणाली. इतक्या लवकर ती कधीच बरं म्हणत नाही. म्हणजे पटलंय.

१६ डिसेंबर

धारेची परीक्षा. हातावरचे केस साफ निघतात. डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुळगुळीत. ऑफिसात साहेबांनी विचारलं, भाजलं काय? मी तीन हजार ग्रिटच्या दगडाबद्दल सांगायला लागलो, तेवढ्यात त्यांना फोन आला. वाजलेला मात्र ऐकू आला नाही.

१७ डिसेंबर

स्वयंपाकघरात नियम चिकटवले. चाकू मोरीत टाकू नये. स्टीलच्या ताटात चिरू नये. लिंबू कापल्यावर ताबडतोब पुसावा, नाहीतर गंजतो (हा दोष नव्हे, अस्सल पोलादाची खूण). सौ.नं सगळं वाचलं आणि म्हणाली, चाकू हाय का जावई? एवढी बडदास्त आमच्या माहेरी तुमची बी कुणी ठेवली न्हाय.

चाकूचा दर्जा तिच्या लक्षात यायला लागलाय. प्रगती आहे.

२१ डिसेंबर

वाशीला करिश्माकडं. फोनवर म्हणाली होती, मामा, चाकू लई कामाचा हाय, एक रात बी त्याच्याबिगर जात न्हाय. मला वाटलं, रोज रात्री कोशिंबीर करत असतील. गेलो तर चाकू तान्ह्या बाळाच्या उशीखाली. लोखंड जवळ असलं की पोरगं दचकत न्हाय म्हणे. स्टीलचा चालत नाही, म्हणून मामाचा. भाजीला बाजारातला, प्लास्टिकच्या मुठीचा. आणि उशीखाली धार नको, म्हणून जावईबापूंनी तो फरशीवर घासून बोथट केला.

पंधरा अंशांची धार. फरशीवर.

बाळ गाढ झोपलं होतं, हे खरं. हा चांगला फीडबॅक धरावा का, अजून ठरवलेलं नाही.

२३ डिसेंबर

रणधीरना फक्त फोन केला. चाकू फर्स्टक्लास, दाजी, म्हणाले. विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीचं झाकण त्याच्याबिगर उघडतच न्हाय.

यापुढं नात्यात चाकू देणे बंद. भिस्त फक्त येळवसीवर.

२९ डिसेंबर, दुपारी ३

उद्या येळवस. ओसरीवर ढीग: गाजरं, वांगी, मेथी, पालक, कांद्याची पात, हरभऱ्याची भाजी. सौ., दोन्ही वहिनी आणि आई वाटाणे-तुरी सोलायला बसल्या. मी जाहीर केलं, चिरायच्या भाजीला आज कुणी हात लावायचा नाही. फक्त बघायचं.

साडेचार

गाजरं झाली. तुकडे सगळे एका मापाचे. जे नव्हते ते वेचून पुन्हा चिरले. आई म्हणाली, बब्रू, भाजी शिजवायची हाय बाबा, तिचं लगीन न्हाय लावायचं. जुन्या पिढीला वेळ लागतो. मेथी पात्याला चिकटते. त्यावर व्हिडिओ आहे. शोधतोय.

संध्याकाळी

सौ. फार गोड आवाजात म्हणाली, अवो, आंबिलीला ताक कमी पडतंय, पलीकडच्या गल्लीतल्या कोंडीरामभावजींकडनं आणता का? दुसऱ्या कुणाला पाठवलं तर सांडत येतंय. खरं आहे. गेलो. कोंडीरामनं बसवून घेतलं. चहा दिला. वर आणखी चहा दिला. सारखा फोनकडं बघत होता. फोन आला तसा म्हणाला, जा आता, झालं. काय झालं ते सांगितलं नाही. ताकही दिलं नाही.

घरी आलो. ढीग गायब. सगळी भाजी चिरून पातेल्यात. बायका हात पुसत होत्या, एकमेकींकडं न बघता. धान्याच्या कोठीमागं पाहिलं. तीन विळ्या. ओल्या. एक आमची. दोन वहिनींनी तुरीच्या शेंगांच्या पोत्यात लपवून आणलेल्या. मी आईकडं बघितलं. आई म्हणाली, माझ्याकडं काय बघतुस, म्याच आणाय लावल्या.

आईसुद्धा.

आमच्या विळीवर अंगठा फिरवून पाहिला. अंगठा कापला. ही धार मी ओळखतो. ही माझ्या दगडाची आहे. सौ.नं सरळ सांगितलं, मी ऑफिसला गेलो की ती दिवाळीपासून माझ्या दगडावर विळी घासते. कुणी शिकवलं, विचारलं. तर म्हणे, तुमी व्हिडिओ एवढ्या मोठ्यानं लावता, ऐकून ऐकूनच शिकले.

३० डिसेंबर, येळवस

शेतात कडब्याच्या कोपीपुढं पूजा झाली. चाळीस माणसांनी भज्जी मागून मागून खाल्ली. माझं गाजर वेगळं ओळखू येत होतं. ओळखलं कुणी नाही. जेवणं उरकल्यावर बायका सौ.भोवती जमल्या, आमच्या बी विळीला धार लावून दे म्हणून. शेजारच्या शेतातल्या शरणप्पांची मंडळी तर विळी घेऊनच आली. सौ. अँगल समजावून सांगत होती. शब्द माझे, हातवारे माझे. मी मधे म्हणालो, विळीला पंधरा अंश चालत नाहीत. एकीनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. तिला वाटलं, तहान लागली असेल.

परतताना मोटारसायकलवर मागं बसून सौ.नं प्रस्ताव मांडला. दगड तिच्याकडं राहील. गिऱ्हाईक ती बघेल. घासणार तीच. मी शेजारी बसून दगडावर पाणी सोडायचं, कारण तेवढं मला नीट जमतं.

गाडी थांबवून, मागं वळून, स्पष्ट शब्दांत नकार दिला. फुकट पाणी सोडणार नाही. विळीमागं पाच रुपये.