कोऱ्या कागदावरची सही

पुणे, ४ ऑगस्ट २०२५

ती. स्व. विलासकाकांस,
नम्रताचा शि. सा. न. वि. वि.

हे फोनवर बोलायचा धीर होईना. पणजोबा आणि सहदेव म्हसे यांच्या भागीदारीवरचं माझं पुस्तक अडलंय. पणजोबा नकाशा काढत, म्हसे भार तपासून सही करत, ही त्यांची रीत तुम्हीच सांगितलीत. १९२६ साली कडावच्या धर्मशाळेचा सज्जा कोसळून नऊ माणसं गेली. सही म्हश्यांची, म्हणून तुरुंगात ते गेले आणि तिथेच वारले.

तुम्ही दिलेल्या ट्रंकेत तो नकाशा सापडला. तुळईची रेघ सहीवरून गेलीय. म्हणजे सही आधीची. फिरतीवर जाताना म्हसे विश्वासाने कोऱ्या कागदांवर सह्या करून जात असणार. पणजोबांनी त्यातल्या एकावर नकाशा काढून म्हश्यांना न दाखवताच कामावर धाडला आणि नंतर गप्प बसले.

साजगावला म्हश्यांचे नातू कोंडाजी आहेत. छापण्याआधी त्यांना तुम्हीच सांगावं. नकाशा सोबत आहे. काकूंचे पापड पोचले, निम्मा चुरा होता, तोही संपवला.

लोभ आहेच, तो राहू द्यावा.
तुमची नम्रता

कडाव, ९ ऑगस्ट

चि. नम्रतास अनेक आशीर्वाद.

दोन दिवस तुझ्यावर चिडून होतो. रेघ मलाही दिसली होती गं, चाळीस वर्षांपूर्वी. कोंडाजी दर गणपतीत यायचे, नकाशा दाखवा म्हणायचे. वाळवीने खाल्ला, असं मी सांगायचो. ट्रंक तुला दिली ती मुद्दामच. रविवारी जातो.

काकूचे आशीर्वाद. जेवत जा वेळेवर.
विलासकाका

कडाव, १९ ऑगस्ट

चि. नम्रतास आशीर्वाद.

गेलो होतो. कोंडाजींची नजर गेलीय. नकाशा मांडीवर घेऊन त्यांनी मला त्यांचं बोट सहीवर ठेवायला सांगितलं. मग विचारलं, रेघ सहीवरून गेली हाय का सही रेघेवर हाय. त्यांच्या आजोबांनी तुरुंगातून तेवढंच कळवलं होतं, रेघ बघा म्हणून.

मी म्हणालो, सही वर आहे. नऊ माणसं आपल्या घराच्या नावावर घ्यायची मला लाज वाटली. त्यांनी उगाच संशय घेतला म्हणून माझी माफी मागितली. सुनेला चहा ठेवायला लावला. मी तो प्यायलो.

काल सकाळी ते वारले.

नकाशा परत पाठवतोय. पुस्तकात तो छाप आणि शेजारी हे पत्र छाप. लोभ ठेव असं आज म्हणवत नाही. खाली सही करतोय, सगळं लिहून झाल्यावर.

विलासकाका