हार्लनला कुठल्या पारड्यात घालू

प्रिय ओपल मावशी,

तुला, तुझ्या गुडघ्यांना आणि चर्चमधल्या ज्या बायकांशी तू सध्या बोलतेस त्यांना आमचा नमस्कार. आम्ही बरे आहोत, म्हणजे उभे आहोत (नवरोबा हार्लन सोडून, तो बसलेला आहे, पण ती त्याची जुनीच सवय). तुझं पत्र मिळालं. तुझी नात टेसा आमच्या इथल्या दोन वर्षांच्या कॉलेजात नर्सिंग करायचं म्हणते, त्यासाठी कर्ज काढावं लागेल, तर ते पगारातून फिटतं का, आणि मी स्वतः केलं आहे तर खरं काय ते सांगावं, असं विचारलंस. फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू शेजारणीला सांगतेस. म्हणून लिहिते.

तुला ठाऊकच आहे, मी म्हाताऱ्या माणसांच्या त्या आश्रमात कित्येक वर्षं मदतनीस होते. उचलायचं, धुवायचं, पुसायचं, परत उचलायचं. पगार असा, की दुकानात गल्ल्यावर बसणारी पोरगी माझ्याकडे बघून हळहळायची. हार्लनची पाठ कोळशाच्या ट्रकने खाल्ली, आणि त्याचा अपंगत्वाचा अर्ज सरकार अजून वाचतं आहे (सरकारला लांबलचक वाचनाची आवड असावी). तेवढ्यात मला कॉलेजचा सल्लागार प्रूइट भेटला. गुळगुळीत दाढी, गळ्यात बो, हातात रंगीत तक्ता. तक्त्यात नर्सचा सरासरी पगार होता. मी विचारलं, हा आकडा आपल्या जिल्ह्यातला का? तो म्हणाला, राज्यातला. आता राज्यात लेक्सिंग्टन आणि लुइव्हिल ही बड्या पगारांची शहरंही आली. या हिशेबाने मी आणि घोड्यांच्या फार्मचा मालक, दोघांचीही सरासरी काढली तर मी चांगली गडगंज आहे. पण त्या दिवशी हे सुचलं नाही. मी सही केली.

मावशी, फी फारशी नव्हती. बरीचशी सरकारने भरली. मग कर्ज कशाचं, असं तुझी सून विचारेल. हॉस्पिटलातलं शिक्षण भर दिवसा, म्हणून नोकरी सोडावी लागली, आणि पोटाला काही कॉलेजची सुट्टी नसते. त्या कर्जातून ट्रकचे टायर आले, विजेचं बिल गेलं, हार्लनची दाढ निघाली आणि रोजचा घेवडा शिजला. लोक डिग्री घेतात. आम्ही ती शिजवून खाल्ली. शिवाय दोन वर्षांचं कॉलेज हे फक्त नाव आहे. शरीरशास्त्राच्या वर्गात जागा मिळायलाच एक वर्ष गेलं. एकोणीस वर्षांच्या पोरींत मी बेचाळीसची घोडी. त्या मला अदबीने ‘मॅम’ म्हणायच्या आणि माझ्या वह्या उतरवून घ्यायच्या. शेवटी तेवीस हजार डॉलर कर्ज झालं.

गावातल्या हॉस्पिटलने मला तोंडी शब्द दिला होता, की पास हो आणि ये. पास झाले. पास झालेल्या नर्सांच्या समारंभात घरच्या माणसाने छातीवर नर्सचा बिल्ला लावायचा असतो. हार्लनने तो कापडातून सरळ मांसात घातला, आणि माझ्या डोळ्यांत आलेलं पाणी आनंदाचं आहे असं समजून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच आठवड्यात हॉस्पिटलने बाळंतपणाचा विभाग बंद केला, आणि नंतर वरचा अख्खा मजला. दुसरं हॉस्पिटल दोन डोंगर ओलांडून. तिथे रोज जायचं तर आधी आमच्या ट्रकलाच नर्स लागेल. मग मी मुकाट्याने जुन्याच आश्रमात नर्स म्हणून परत गेले. तिथल्या मुख्य बाई, मिसेस गिलरीथ, म्हणाल्या, “घरी आल्यासारखं वाटतंय ना, कोरा?” तोच बोळ, तोच वास. आधी नुसती पाठ दुखायची, आता डोकंही दुखतं. पगार मात्र जवळजवळ दुप्पट झाला, खोटं कशाला बोलू.

पहिला पगार झाला आणि सरकारचं पत्र आलं, की आता तुम्ही सुखवस्तू झालात, सबब तुमचं फुकट उपचाराचं कार्ड बंद. आश्रमाचा स्वतःचा विमा तीन महिन्यांनी लागू होणार होता. या मधल्या तीन महिन्यांत ज्याने काहीही करायचं नव्हतं अशा माणसाने, म्हणजे हार्लनने, नेमकं केलं. एका रविवारी चर्चला निघताना त्याचे बूट चढेनात.

“बूट आखडलेत,” तो म्हणाला.

“बूट आखडत नाहीत. पाय दाखव.”

“अगं, जाड झालोय मी. तू कमवायला लागलीस, मी खायला लागलो.”

मी नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच. छातीला नळी लावली, तर आत खालच्या बाजूला बारीक चरचर. मी नुसती मदतनीस असते तर त्याच्या पायांखाली उशी दिली असती आणि त्याला खारवलेलं मांस तळून घातलं असतं. मी त्याला तसाच अनवाणी ट्रकमध्ये कोंबला. दोन्ही डोंगर संपेपर्यंत तो एकच सांगत होता, “कार्ड नाही आपल्याकडे, कोरा. गाडी वळव.” मी वळवली नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय दमलंय, फुप्फुसात पाणी भरलंय, आणखी दोन दिवस काढले असते तर इथे आणायची गरजच उरली नसती. मग माझ्याकडे बघून त्याने विचारलं, तुम्ही नर्स आहात का? मी हो म्हटलं. ते खरं आहे असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

त्यानंतर बिल आलं. त्याच्यापुढे माझं डिग्रीचं कर्ज अगदीच पोरकट दिसायला लागलं. आता दोन्हींचे हप्ते जातात, आणि महिनाअखेरीला हातात राहतं ते मदतनीस असताना राहायचं त्याहूनही कमी. हार्लनने यातली खोच शोधून काढली आहे. म्हणतो, “डिग्री नसती तर कार्ड राहिलं असतं, मग बिलही आलं नसतं.”

मी म्हटलं, “डिग्री नसती तर तू नसतास.”

त्याने यावर विचार केला आणि म्हणाला, “तेही स्वस्तात पडलं असतं.” मग खिडकीकडे तोंड करून बसला.

तर मावशी, तू विचारलंस की कमाई जास्त की कर्ज. कर्ज. फक्त हार्लनला कुठल्या पारड्यात घालू ते मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रूइटच्या तक्त्यात तो रकानाच नव्हता. टेसाला सांग, नको. तिचं अक्षर चांगलं आहे, तिने एखाद्या सरकारी कचेरीत चिकटावं आणि लोकांचे अर्ज सावकाश वाचावेत.

तुझी,
कोरा

ता. क. हार्लन तुला नमस्कार सांगतो. तो चोरून तुझ्याकडे खारवलेलं हॅम मागेल. पाठवू नकोस.

ता. क. वरचं सगळं पुन्हा वाचलं. खरं तेच लिहिलंय, पण टेसा तुझ्यावर गेली असेल तर ऐकणार नाही. तेव्हा गावात खोली मात्र घेऊ देऊ नकोस. आमची मागची खोली रिकामी आहे. भाडं नको, जेवणाचे पैसे नकोत, म्हणजे तिला माझ्यासारखं पोटासाठी कर्ज काढावं लागणार नाही. शरीरशास्त्राचा अभ्यास मी करून घेईन. खरं सांगू का, मला आता रात्रपाळी लागली आहे आणि कामावर माझं चित्त नसतं. तासातासाला घरी फोन करते. हार्लन उचलतो, “अजून आहे” म्हणतो आणि ठेवून देतो. घरात कुणीतरी हवं गं. हे त्याला कळता कामा नये. आपण टेसावर उपकार करतोय असंच त्याला सांगितलंय. ऑगस्टमध्ये वर्ग सुरू होतात. त्याच्या आधीच पाठव.

ता. क. तुझी सून विचारेल, शेवटी पोरीच्या डोक्यावर कर्ज किती होणार. सांग, कोरा म्हणाली, तिच्यापेक्षा कमी.