गाण्याची दुसरी ओळ

१२ फेब्रुवारी

प्रिय धाकटे,

ताईचे आशीर्वाद. तुझ्या यजमानांचा खोकला थांबला का? माझं चाललंय. हॉस्पिटलच्या लाँड्रीत नवी मशिनं आली, पण चादरींच्या घड्या अजून हातानंच घालाव्या लागतात. संध्याकाळी खांदे बोलायला लागतात. समोरचं टोक धरायला एक नवी मुलगी दिली आहे. पोर गुणी आहे, पण दिवसभर गुणगुणते. काय गुणगुणते, ते तुला सांगायला नको.

मागच्या आठवड्यात रेडिओवरच्या एक बाई घरी आल्या. लोकगीतांचा कार्यक्रम करतात. मुलांच्या वॉर्डातल्या आपल्या त्या सिस्टर आठवतात ना, त्यांनीच माझा पत्ता दिला. त्यांनी माझ्या तोंडून ऐकलेलं गाणं बाकीच्या पोरांना म्हटलं, त्या पोरांच्या आयांनी घरोघरी नेलं. आता तर शाळेच्या पुस्तकात आहे, खाली ‘पारंपरिक’ असं छापून.

“आम्हाला वाटलं, गाणं शेकडो वर्षांचं असेल,” बाई म्हणाल्या.

“मलाही हल्ली माझं वय तेवढंच वाटतं,” मी म्हटलं. त्या हसल्या. मग त्यांनी विचारलं, “कोणासाठी रचलंत?” मी चहा टाकायला उठले.

उत्तर त्यांच्याआधी तुला द्यायला हवं. किती दिवस पत्र लिहायला घेते आणि तुझ्या यजमानांच्या खोकल्यापाशीच अडकते.

उजेडा रे उजेडा, दाराशीच थांब,
आत्ता कुठे डोळा लागला, रात होऊ दे लांब.

तुझी चिंगी गेल्यावर काही महिन्यांनी तुझ्या शेजारणीनं हे तिच्या बाळाला म्हटलं, वॉर्डात चिंगीच्या मावशीनं रचलेलं म्हणून. तू तशीच उठून माझ्याकडे आलीस आणि उंबऱ्यातूनच म्हणालीस, “ताई, माझ्या लेकीसाठी तू रात्र लांब मागितलीस. मिळाली तिला.” मी तुला तशीच जाऊ दिली. त्यानंतर तू आली नाहीस. मीही बोलावलं नाही.

अगं, डोळा चिंगीचा लागला नव्हता. ती जागीच होती. ताप उतरला होता, डोळे टक्क उघडे. झोपली होतीस तू. किती रात्री पाठ टेकली नव्हतीस, खुर्चीत बसल्या बसल्या तिच्या गादीच्या कडेवर डोकं ठेवलंस आणि गाढ झोपलीस. खिडकी पांढरी व्हायला लागली, तशी चिंगीनं मला खुणेनं जवळ बोलावलं.

“मावशी, सूर्याला सांग ना, आईला उठवू नको.”

म्हणून मी सांगितलं. तिला हसू यावं म्हणून चाल लावून, अगदी हळू. माझी एक ओळ झाली आणि पुढे काही सुचेना. ‘थांब’ला ‘लांब’ तिनं शोधलं. दुसरी ओळ तिची आहे, धाकटे, अख्खी तिची. फार खूश झाली होती. पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं मला. तोवर तिचा हात तुझ्या केसांवर होता.

दुपारी ती गेली.

तिची शेवटची पहाट आपण झोपून घालवली, असं म्हणत तू जन्मभर स्वतःला खात बसली असतीस. त्यापेक्षा माझ्यावर राग धरलेला बरा, असं मला वाटलं. पण तू झोपावंस ही तिची इच्छा होती, आणि तेवढी एक तिला मिळाली, हेही तुला कळायला हवं होतं. यात बरं काय, वाईट काय, मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाई पुढच्या आठवड्यात परत येतील. त्यांना नाव हवं आहे. माझं एकटीचं देता येत नाही, आणि तिचं तुला विचारल्याशिवाय देणार नाही. तू नको म्हणालीस तर राहू दे पारंपरिक. माझी तक्रार नाही.

उत्तर लिहू नकोस, इकडेच ये. फार दमले गं मी. तिच्याबद्दल बोलायला तुझ्याशिवाय मला कोणी नाही.

तुझी ताई,
तिची मावशी