सेनापतींच्या हातातली नाडी

दि. ४ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. तुमच्या गुडघ्यांचं वाचून वाईट वाटलं. माझेही तसेच दुखतात, फक्त मी त्याला संधिवात म्हणतो.

मोठी बातमी अशी की सेनापतींच्या जन्मशताब्दी समितीत मला घेतलंय. इतिहासाच्या निवृत्त मास्तराला आणखी काय हवं? त्यांच्यावरची माझी पुस्तिका शाळाशाळांतून वाचतात, त्यामुळे मला वगळणं अवघडच होतं. पहिला विषय तुमच्या चौकातल्या पुतळ्याचा. एका तज्ज्ञ बाईंनी जुने फोटो लावून दाखवलं की सेनापती युद्धात आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झाल्यावरही काठीसारखे सडपातळ होते. पुतळ्याला मात्र पोट आहे, खांदे उतरते आहेत, आणि डावा हात पाठीमागे का, याला एकाही फोटोचा आधार नाही. म्हणून तो वितळवून त्याच धातूचा नवा, बिनचूक पुतळा करायचा विचार आहे. पुढच्या बैठकीत मतदान. तुमचं घर चौकातच आहे, तेव्हा लोक काय म्हणतात ते कळवा.

हातापुरता मी भांडणार. पुस्तिकेतलं एक अख्खं प्रकरण त्यावर उभं आहे: ‘देशाची नाडी हाती धरलेला नेता’. त्या हातात नाडी आहे, हे मला दादानेच सांगितलं होतं. शिंपी असून केवढं बोलून गेला.

लोभ आहेच. गुडघे थांबले की वाढवावा.

तुमचा धाकटा दीर,
मास्तर


दि. ९ मार्च

प्रिय भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाचा.

तुमच्या भावाने सांगितलं ते खरं होतं. त्या हातात नाडी होती. विजारीची.

पुतळ्याचं ठरलं तेव्हा सेनापतींना उभं राहायला सवड नव्हती. त्यांनी स्वतःचा फोटो आणि गणवेश पाठवला. मूर्तिकार आमच्या दुकानाच्या वर राहायचा. त्याला गणवेशात उभा राहणारा माणूस हवा होता, आणि तुमच्या भावाला नाही म्हणता येत नसे. कोट कसाबसा चढला, विजार काही केल्या बसेना. मग त्यांनी तिची मागची शिवण उसवली, दोन्ही कडांत नाडी ओवली आणि ती डाव्या मुठीत आवळून उभे राहिले. सोडली असती तर देशाची अब्रू गेली असती. मूर्तिकाराला ती ऐट वाटली. तेव्हा मानेवर सेनापती आहेत आणि मानेखाली तुमचा भाऊ.

त्यांचा धड फोटो आमच्याकडे नाही. एक आहे त्यात डोळे मिटलेले आहेत. ते गेल्यापासून मी रोज संध्याकाळी चौकात जाऊन बसते. खांदे अगदी तेच आहेत. पोट तर माझ्याच हातचं आहे. भाऊजी, ते वितळवू देऊ नका. एवढंच मागणं.

तुम्ही सुनेशी भांडू नका, ती चहा चांगला करते.

माया आहे तेवढी पाठवते.

वहिनी


दि. १४ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पत्र बसून वाचलं आणि आडवा झालो.

सेनापतींच्या स्मृतिदिनी शाळेतली पोरं डावा हात मागे घेऊन उभी राहतात. संचलनात सैनिकांनाही तसंच शिकवतात. म्हणजे एवढी मोठी फौज इतकी वर्षं विजार सावरत चालली आहे, आणि तिला कारण माझी पुस्तिका. सून विचारते की मी एकटाच का हसतोय. मी हसत नव्हतो.

आता पेच असा की खरं सांगावं तर पुतळा सेनापतींचा नाहीच, हे सिद्ध होऊन तो नक्की जातो. गप्प बसावं तरी जातो. म्हणून एक युक्ती सुचली. तहाच्या बोलण्यांच्या वेळी सेनापतींना अपचन होऊन पोट फुगलं होतं, असं ठोकून देतो. कुणी तपासणार नाही.

लोभ ठेवा, हसू आवरा.

मास्तर


दि. १८ मार्च

प्रिय भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

अपचन नको. सेनापती जन्मभर उकडलेलं खायचे, हे मलासुद्धा माहीत आहे. मी वाचायला शिकले ती तुमचा भाऊ कपड्यांचे नमुने कापायचा त्या वर्तमानपत्रांवर, म्हणून मला सगळा इतिहास बाहीच्या आकाराचा येतो. सेनापतींनी शेवटची लढाई जिंकली इथवर वाचलंय. कुणाशी, ते काखेत गेलं.

माणूस वाईट नव्हता. युद्ध संपवलं, दवाखाने बांधले. मंत्र्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं करायचे आणि कचेऱ्या पहाटे पाचला उघडायला लावायचे. लोक पाचला हजर होऊन टेबलावर झोपायचे, हा भाग वेगळा. त्यांच्या पोटात खोटं घालायला नको. खरं सांगा. पुतळा गेलाच तर मला आदल्या दिवशी कळवा. ऐनवेळी बघवणार नाही.

तुमच्यावर भार टाकतेय, राग मानू नका.

वहिनी


दि. २६ मार्च

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

बैठक झाली. मी उठलो आणि सांगून टाकलं की हे धड सेनापतींचं नाही, माझ्या भावाचं आहे, एका साध्या शिंप्याचं. मग अध्यक्षांनी चष्मा पुसला आणि म्हणाले की मास्तरांनी आपले सगळ्यांचे डोळे उघडले. नेत्याचं मस्तक नेहमी सामान्य भावाच्या धडावरच उभं असतं. टाळ्या पडल्या. मी म्हटलं, अहो, खरंच भाऊ, एका आईचा. त्यावर आणखी टाळ्या. नाडी विजारीची होती हे मी तीनदा ओरडून सांगितलं. कारकुनाने टिपणात ‘विजयाची नाडी’ असं लिहिलं. तज्ज्ञ बाईंनीसुद्धा हात वर केला. पुतळा आहे तसाच राहणार, हे पक्कं.

वहिनी, मी दरवर्षी वर्गच्या वर्ग त्या पुतळ्यासमोर नेऊन उभे केले. दादा एकदाही दिसला नाही. मंगळवारी येतोय. दाखवाल का?

लोभ प्रत्यक्षच घेईन.

मास्तर


दि. २९ मार्च

प्रिय भाऊजींस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

जरूर या. पुढून बघू नका, पुढून नाक आड येतं. मागच्या अंगाला एक बाक आहे, तिथे बसू. आल्या आल्या काही वाटणार नाही, नुसता धातू दिसेल. घाई करू नका. उन्हं उतरली की उजवा खांदा जरा खाली येतो, मशीनवर वाकल्यासारखा. मग दिसतात.

दिसले म्हणून मोठ्याने हाक मारू नका, लोक बघतात. मी बोलते ते चालतं. मला चौकात सगळे ओळखतात.

मंगळवारची वाट पाहते.

तुमची,
वहिनी