तेरावा खड्डा

३ एप्रिल २०००
वसमतहून साखऱ्याजवळच्या या वीजकेंद्रावर आज रुजू झालो. क्वार्टर झकास, दारात लिंबाची सावली. सृष्टी आल्या आल्या अंगणभर हुंदडली. तिची आई गेल्यापासून पोरगी आज पहिल्यांदा खळखळून हसली. काम एकदम सोपं. साहेबांनी समजावलं, की वीज तारेनं लांब जाती अन् परतीला जमिनीतून येती. दोन देशांमधी समुद्राखालून केबल टाकतात, तिथं परतीचं काम समुद्राचं पाणी करतं. हिंगोलीत कुठला आलाय समुद्र! म्हणून वीज परतायला बारा खड्डे, अन् माती ओली राहावी म्हणून रोज प्रत्येकात दोन घागरी पाणी. म्हणजे समुद्राची नोकरी मी करून राहिलो.

९ एप्रिल
शेजारच्या तांड्यातल्या जिवनबाई आल्या. म्हणाल्या, ती खड्ड्यांची जागा आमच्या लेकरांची. लग्नाआधी गेलेली तिथंच पुरलीत. पुरल्यावर तिथं पाणी द्यायचं न्हाई, हा तांड्याचा नेम. जो पाणी देतो त्याला ती बाप समजतात. मी हसलो. एकीला सांभाळतो तिथं बारा अजून, झालो बाप, असं बोलून गेलो. म्हातारीनं तोंडावर पदर घेतला अन् निघून गेली.

१६ एप्रिल
दोन घागरी पुरत न्हाईत. आज दहा-दहा ओतल्या, तरी माती कोरडीठाक. सृष्टीलाही तहान फार. तांब्यामागून तांबे पिती, ओठ मात्र फुटलेले. वसमतला डॉक्टरांना दाखवलं. ऊन लागलं म्हणाले. येताना एसटीत ती बारा नावं घेत बसली. कुणी शिकवली विचारलं, तर म्हणे, माझे भाऊ-बहिणी हायत.

१९ एप्रिल
खड्ड्यांचं पाणी बंद केलं. संध्याकाळी सृष्टीच्या जिभेवर माती. जिवनबाईंचे पाय धरले. त्या रडल्या. म्हणाल्या, तुमी तुमच्या तोंडानं बाप झालात, आता पाजायचं तर समद्यांना. माझी जीभ का झडली न्हाई तवा!

२१ एप्रिल
नोकरी सोडली, तिला वसमतला नेलं. तिथंही जिभेवर माती. हातपाय काटक्या झालेत. परत आणली. जाऊन जाऊन कुठं —

२२ एप्रिल, दुपार
तेरावा खड्डा. मी खणला न्हाई. कुणीच न्हाई —

आतून सृष्टीचा आवाज. बाबा, पाणी.

सृष्टी तर माझ्या मांडीवर आहे. तीही तेच म्हणती. तिच्या केसांतून माती गळून राहिली —

खड्ड्यांत ओतून ओतून अंगणातला हौद आटला. एकच तांब्या उरलाय. दोघी रडून राहिल्यात. माझी कोणती, देवा, माझी —

उचलला तांब्या. आता कुणाला पाज