सव्वादोन माणसं

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून रोजनिशी. काम मोठं आहे, नोंद हवी.
अक्का, माझी थोरली बहीण, वय एक्याऐंशी, वीस तारखेला लेकीकडे परदेशात जाते आहे. कायमची. घर रिकामं करते आहे. काल तिच्या वाढदिवसाला सगळे जमलो होतो. भाच्याने त्याच्या मोठ्या कॅमेऱ्यावर फोटो काढला. चौदा माणसं, एका ओळीत. ओळीची आयडिया माझी. खुर्चीवर कोण बसणार आणि मागे कोण उभं राहणार यावरून आमच्याकडे आजवर दोनदा अबोला झाला आहे. म्हणून मी म्हटलं, कोणीच बसायचं नाही, वयाप्रमाणे उभं राहायचं. डाव्या टोकाला अक्का, मग मी, मग ही, असं करत करत उजव्या टोकाला अक्काची पणती, वय दोन. कोणी कोणाच्या मागे नाही. फोटो उत्तम.
सगळ्यांसमोर जाहीर केलं, हा फोटो मोठा करून, फ्रेममध्ये घालून अक्काला मी देणार. खोक्यांच्या कारखान्यात अडतीस वर्षं कटिंग मास्तर होतो. मिलिमीटर चुकला नाही. फोटो म्हणजे तरी काय, पातळ पुठ्ठाच.

४ फेब्रुवारी
फ्रेम आणली. आठ बाय दहा, सागवानी, खाली पितळी पट्टी. पट्टीवर कोरून घेतलं: आमचं संपूर्ण कुटुंब. फ्रेमवाला म्हणाला, आधी फोटोचं माप बघा, कोरलेला माल परत घेत नाही. मी म्हटलं, मला माप शिकवू नका. गप्प बसला. जाणकार माणूस समोर आला की दुकानदार गप्प बसतात.

५ फेब्रुवारी
फोटोवाल्याकडे गेलो. आधी चार बाय सहाचा नमुना काढून घेतला. चौदाच्या चौदा हजर. म्हटलं, आता हाच आठ बाय दहा करा. तो म्हणाला, काका, कडेची माणसं जातील. म्हटलं, कुठे जातील? तर म्हणे, चार सहाची दुप्पट आठ बारा होते, आठ दहा होत नाही, दोन इंच क्रॉप करावे लागतील. मी म्हटलं, दहा काही बारापासून लांब नाही. म्हणाला, लांब नाही, दोनच इंच आहे. उर्मट माणूस.
घरी फूटपट्टी घेऊन बसलो. बारा इंचांत चौदा माणसं. म्हणजे दोन इंचांत सव्वादोन माणसं, वर किरकोळ. सव्वादोन माणसं कमी करायची, एवढाच प्रश्न आहे. लवकर सुटेल.
ही मापं ठरवली कोणी? ज्याने ठरवली त्याला भावंडं नसणार.

६ फेब्रुवारी
सूनबाई म्हणाली, बाबा, वर-खाली पांढरी पट्टी सोडली की अख्खा फोटो बसतो, दोन मिनिटांचं काम आहे. तिला शांतपणे समजावलं. पांढरी पट्टी म्हणजे मास्तरला माप जमलं नाही याची जाहिरात. कारखान्यात अशी पट्टी राहिली असती तर माल परत आला असता. ती बरं म्हणाली आणि कुकर लावायला गेली. पटलेलं दिसतं.
ही म्हणाली, मग आठ बाराची दुसरी फ्रेम आणा. चौकटीत बसत नाही म्हणून चौकटच बदलायची, तर कटिंग मास्तर कशाला?
दुपारी अक्काचा फोन. सामान बांधायचंय, येतोस का, खोकी तुझ्यासारखी कोणाला बांधता येत नाहीत. म्हटलं, फोटो तयार झाला की घेऊनच येतो. ती म्हणाली, अरे बाळ, फोटोचं काय एवढं, तू ये. वय झालं. सरप्राइज म्हणजे काय तेच तिला कळत नाही.

८ फेब्रुवारी
उजवीकडून कापून पाहिलं, मनातल्या मनात. पणती जाते, तिचा सहा वर्षांचा भाऊ जातो, आणि त्यांच्या आईचा एक खांदा. चाचपणी म्हणून त्या आईलाच, म्हणजे अक्काच्या नातीला, फोन केला. सहज विचारलं, लहान मुलं फोटोत असायलाच हवीत का गं? ती म्हणाली, आजोबा, तुम्हाला बरं वाटतंय ना? अर्ध्या तासात ऑफिसातून माझ्या मुलाचा फोन. बाबा, बीपीची गोळी घेतलीत का?
या घरात काही गुप्त राहत नाही.

९ फेब्रुवारी
डावीकडून पाहिलं. अक्का जाते, मी जातो, आणि ही पाव जाते. हिला विश्वासात घेऊन सांगितलं. ही म्हणाली, कापायची तर अख्खी कापा, मी पाऊण बाई म्हणून भिंतीवर लटकणार नाही.
दोन्हीकडून एकेक इंच? अक्काही जाते, पणतीही जाते. म्हणजे मूळही नाही आणि फळही नाही. नामंजूर.
प्रगती आहे. काय करायचं नाही ते ठरत चाललं आहे.

१० फेब्रुवारी
युक्ती! कापायचं कशाला, दाबायचं. फोटोवाल्याने बारा इंच दाबून दहात बसवले. नको नको म्हणत होता, तरी. चौदा जण आले, पण सगळे महिनाभर उपाशी असल्यासारखे. अक्काचा चेहरा वांग्याचा पडवळ झाला. ही मात्र म्हणाली, हाच द्या, लग्नानंतर पहिल्यांदाच बारीक दिसतेय.
नामंजूर. अक्काला आपली माणसं ओळखू यायला हवीत.

१२ फेब्रुवारी
कडा कापायला कोणीही कापेल. मास्तर मधून कापतो.
मधे धाकटा भाऊ आणि त्याची बायको. भावाला घरात वकील म्हणतात. वकील नाही, नुसता वाद घालतो. आठ बाराची प्रिंट आणली, स्टीलची पट्टी, नवं पातं. दोघांना सफाईने काढलं आणि दोन तुकडे जोडले. सांधा असा, की नखाला लागत नाही. अडतीस वर्षं उगाच नाही.
एक अडचण. फोटोत वकिलाने पलीकडे भाचीच्या खांद्यावर हात टाकला होता. तो राहिला. पाच बोटं, घड्याळ, अर्धी बाही. माणूस नाही. हात काढायला गेलो तर भाचीचा खांदाच निघून आला. सूनबाई जेवायला बोलवायला आली आणि फोटो बघून जमिनीवर बसली. हसून हसून तिला उठवेना. सांध्याबद्दल चकार शब्द नाही.
चार वाजता अक्काचा फोन. चहा ठेवलाय, येतोस का? म्हटलं, खोकला आहे. खोटं नको म्हणून थोडं खोकून घेतलं.

१४ फेब्रुवारी
वकिलाचा फोन. तो रोज अक्काकडे जातो, खोकी बांधतो. त्याला दोरीची गाठ धड मारता येत नाही, वाटेत सगळं सुटणार. म्हणाला, दादा, सहा दिवस राहिलेत, दोन बसस्टॉपवर तर घर आहे, दाराची बेल वाजली की ती तुझंच नाव घेते. मी म्हटलं, तू वाद घालू नकोस.
रिकाम्या हाताने जाणार कसा? फोटो घेऊनच येतो, असं सांगून बसलोय. एकदा नाही, पाचदा.

१५ फेब्रुवारी
फ्रेमवाल्याकडे आठ बाराची चौकशी केली. माघार नव्हे, चौकशी. म्हणाला, कारागीर आजारी आहे, तेवीस तारखेला मिळेल. मी म्हटलं, मला वीसच्या आत हवी. म्हणाला, मग चार तारखेलाच सांगायची होती. याच्याकडे पुन्हा जाणार नाही.
फ्रेम परत जात नाही, फोटो फ्रेममध्ये जात नाही, मी घराबाहेर जात नाही. तिघंही जिथल्या तिथे.

१६ फेब्रुवारी
पांढऱ्या पट्टीचं सूनबाईला विचारावं का, असं आलं मनात. दोनदा स्वयंपाकघरापर्यंत गेलो. दोनदा पाणी पिऊन परत आलो. तिसऱ्यांदा तिने विचारलं, बाबा, शुगर तपासायची का?
अक्काचा फोन हिने घेतला. मी झोपलोय असं खुणेने सांगितलं. ही फोनवर म्हणाली, हो, डोळे उघडे ठेवून झोपलेत.

१८ फेब्रुवारी, पहाटे ५
सुटलं! इतकं सोपं होतं. फोटो कोणासाठी? अक्कासाठी. मग अक्काला फोटोत अक्का कशाला? ती स्वतःला रोज आरशात बघते. आणि मी? मी तिच्याच पाठचा, पंच्याहत्तर वर्षांची ओळख. मला बघायला तिला फोटो लागत नाही. डावीकडून सव्वादोन. त्याग आहे, पण मोठ्यांनीच करायचा असतो.
हिची पाव मात्र जाणार. सध्या सांगायचं नाही.

१९ फेब्रुवारी
प्रिंट झाली. अकरा माणसं आणि पाऊण ही. फोटोवाल्याने तीनदा विचारलं, काका, नक्की? फ्रेममध्ये अशी बसली की केसाची फट नाही. खाली पट्टी चमकतेय, आमचं संपूर्ण कुटुंब.
हिने पाहिला. तेव्हापासून बोलत नाही. एकूण काम फत्ते.

२० फेब्रुवारी
तीनला निघालो. अक्काकडे सव्वातीनला पोहोचलो. चारला तिची गाडी यायची होती. घरात खोकीच खोकी, सगळ्या गाठी उलट्या. बसायला खुर्ची उरलेली नव्हती. अक्का एका खोक्यावर, मी दुसऱ्यावर.
फ्रेमवरचा कागद तिनेच सोडला. चष्मा लावला. डावीकडून एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत गेली. मी सांधा वगैरे नाही हे समजावून सांगणार होतो. ती म्हणाली, तू कुठेयस रे?
मी म्हटलं, माप बसत नव्हतं. तूही नाहीस त्यात.
ती म्हणाली, माझं जाऊ दे. बाकीचे सगळे फोनवर दिसतात, रोज दिसतात, नको इतके दिसतात. व्हिडिओ लावला की तू फोन कानाला लावतोस. सहा महिने झाले, मला तुझा नुसता कान दिसतो. म्हणून म्हटलं, एक फोटो असावा.
मग म्हणाली, इतके दिवस होतास कुठे, बाळ? रोज चारला दोन कप ठेवत होते.
मी म्हटलं, मापाचं काम होतं.
ती हसली. म्हणाली, काच फुटेल, फ्रेम तुझ्याकडेच राहू दे. तेवढ्यात गाडी आली. वकिलाने खोकी उचलली. एकाची गाठ सुटत होती, ती मी पुन्हा मारली. एकच. बाकीच्या गाठींना वेळ नव्हता.

२१ फेब्रुवारी
अक्का पोहोचली. व्हिडिओ कॉल आला. फोन कानाला लावला नाही. बरणीला टेकवून टेबलावर उभा केला आणि समोर बसलो. सूनबाई म्हणाली, बाबा, मागे सरका, कपाळ आणि हनुवटी दिसत नाहीये.
सरकलो. म्हणाली, अजून. अजून सरकलो. पाठीला भिंत लागली.
तिकडून अक्का म्हणाली, असू दे, जेवढा आलाय तेवढा.